मेंढरं लपवू नोको

पोरा,

काल तुझा बाप आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला नाही. काठी गुडघ्यांच्या मधात धरून म्हणाला, "पोट्टं भोपाळवरून आलं तसं बराबर जेवत नाई. मले काई सांगत नाई. तुमाले सांगतलं का त्यानं?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो. फोनवर तू म्हटलेलं वाक्य त्याला कसं सांगू? "काका, साहेब होणारे घरूनच घडून येतात. आपल्या घरी काय होतं?"

त्या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. प्रयत्न सोडू नको वगैरे लिहिणार नाही, तो तू सोडणार नाहीसच.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. माणूस घरातूनच येतो. एसएसबीवाले, म्हणजे फौजेतले अधिकारी निवडणारे, पाच दिवस तेच तर चाचपत असतात. आई-वडील तुझ्याबद्दल काय म्हणतात, हे कागदावर उगाच लिहायला लावत नाहीत. आणि तू काय लिहिलंस? वडिलांचा व्यवसाय शेती. कठीण प्रसंग विचारला तर कॉलेजचा ट्रेक, जिथं तू गेलाच नव्हतास. वर आणखी दोन प्रश्न आले आणि लटपटलास. मेंढरं कुठं गेली रे? दीडशे मेंढरं गिळलीस?

दोन वर्षांखालची गारपीट आठव. मी कॅनॉलजवळ बैलगाडीखाली बसलो होतो, सगळं दिसत होतं. कळप उधळून थेट कॅनॉलकडे सुटला. तुझा चुलता ओरडत मागं धावत होता, त्यानं मेंढरं आणखीच भेदरली. तू ओरडला नाहीस. बांधानं आडवा पळालास, म्होरक्या बोकडाला चिंचेकडे वळवलंस आणि नुसता उभा राहिलास. बाकीची आपसूक त्याच्यामागं आली. गारा थांबल्यावर तू मोजली, मग हाकलली. कपाळातून रक्त वाहत होतं, ते तुला घरी गेल्यावर कळलं.

आता आपल्या अडगावची गोष्ट. 29 नोव्हेंबर 1803. नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज उभी, समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय 34. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच त्याच्या तीन पलटणी पळाल्या. दोन महिन्यांआधी असईच्या लढाईत याच पलटणी पाय रोवून लढल्या होत्या. त्यानं पळणाऱ्यांवर तलवार उगारली नाही. गावाच्या आडोशाला जाऊ दिलं, तिथं पुन्हा रांगा लावल्या आणि स्वतः पुढं होऊन परत आणलं. लढाई जिंकला. 15 डिसेंबरला गाविलगड गेला, देवगावच्या तहात वऱ्हाड निजामाच्या घशात. शत्रू होता आपला. पण उधळलेला कळप कसा वळवतात ते त्याला कळत होतं, आणि तुलाही कळतं. तू मात्र ट्रेक सांगून आलास!

असईला तर त्याचे वाटाडे म्हणत होते, नदीला उतार नाही. त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. म्हणाला, मग उतार असणारच. आपल्याकडच्या कोणत्या गुराख्याला हे सांगावं लागतं?

तू म्हणशील, तो सरदाराचा पोरगा, थोरला भाऊ गव्हर्नर जनरल. खरं आहे, घराण्याचा उपयोग होतो. पण तो लहानपणी बुजरा, बाप बाराव्या वर्षी गेला, आईला त्याची आशा नव्हती. व्हायोलिन वाजवायचा, ते 1793 मध्ये स्वतः जाळलं. का जाळलं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. त्याला विचारायची सोय नाही.

मल्हारराव होळकर घे. बाप लवकर गेला, तळोद्याला मामाकडे मेंढरं राखत वाढले. रान, पाणी, वाट, पळ, सगळं अंगात. पानिपतावर ते गनिमी काव्याचं म्हणत होते, भाऊसाहेबांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. शेवटी मल्हारराव आपली फौज घेऊन निघून गेले, त्याबद्दल लोक अजून बोल लावतात. मला त्यातही मेंढपाळच दिसतो. लांडगा कळपात शिरला की उरलेली वाचवायची. चूक की बरोबर, ते इतिहासवाल्यांनी भांडावं. घर असं दोन्हीकडून कामाला येतं, आणि नडतंही. पण लपवलंस तर नुसतं नडतं. लपवू नोको.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो? 1981 साली मीही अधिकारी व्हायच्या मुलाखतीला बसलो होतो. माझा बाप सालदार, पाटलाकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा. मी सांगितलं, बारा एकर कोरडवाहू, कापूस लावतो. समोरचे साहेब शेतकऱ्याघरचे निघाले. हसत विचारलं, "मग यंदाचा चुकारा मिळाला का?" एकाधिकार खरेदीचे दिवस, कापूस सरकारच घ्यायचं. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, मालकाच्या हातात पडायचा, आम्ही कधी पाहिलाच नव्हता. मी गप्प. बापानं पाटलाच्या वीस माणसांकडून न बोलता काम कसं करून घेतलं, हे सांगितलं असतं तर? पण तेव्हा त्या बापाची लाज वाटत होती.

सुभेदार होऊन निवृत्त झालो, ते काही कमी नाही. साहेब दोन वर्षांत बदलून जातो, कंपनी चालवतो सुभेदार. जवान अजून फोन करतात. पेन्शन आहे, घर बांधलं. हे मी तुला सांगतोय की स्वतःला, कोणास ठाऊक.

बापाला मी काही बोललो नाही. ते तूच सांग, आजच, जेवायच्या आधी. आणि पुढचा अर्ज निघाला की इकडे ये. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना माझ्यासमोर भरायचा. त्याआधी बापाला विचारून ठेव, गारपिटीच्या दिवशी मोजली तेव्हा मेंढरं किती भरली होती. मुलाखतीत आकडा विचारतात.

तुझा,
सुभेदार काका