जोमाने वाढणाऱ्या पेशींविषयी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मूलपेशींच्या, म्हणजे शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, प्रयोगशाळेत रुजू होण्यापूर्वी काय वाचावे, असे तू विचारले आहेस. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ साली २४ जनुकांपासून सुरुवात करून अखेर केवळ ४ जनुकांच्या बळावर उंदराच्या तंतुपेशींना पुन्हा भ्रूणपेशींसारखे रूप दिले, तो लेख वाच. त्यातही एकेक जनुक वगळत जाण्याची त्यांची रीत लक्षपूर्वक पाहा. मात्र पहिल्या वर्षी तुझा बहुतेक वेळ वाचनात नव्हे, तर पेशी सांभाळण्यात जाणार आहे.

मानवी मूलपेशींचे मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव, साधारणपणे रोज बदलावे लागते, आणि त्यांना रविवार ठाऊक नसतो. पुण्यात गणेश विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात म्हणून आदल्या रात्री उशिरा जाऊन दुप्पट मीडियम घालून आलेले लोक मी पाहिले आहेत, मीही त्यांतलाच. पण मीडियम बदलण्याआधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहणे, हेच खरे काम आहे. चांगल्या कॉलनीतील (पेशींच्या पुंजक्यातील) पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, कडा रेखीव असते, पेशीचा बहुतेक भाग केंद्रकाने व्यापलेला असतो. कडेच्या पेशी पसरट होऊ लागल्या, की त्या आपली अवस्था सोडून दुसरीकडे वळू लागल्या आहेत असे समजावे. हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. रोज तीच प्लेट पाहिली तरच कळते.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्याकडे पेशींचा एक वाण अचानक फार जोमाने वाढू लागला. एरवी पॅसेज करताना, म्हणजे दाटलेल्या पेशी नव्या प्लेटमध्ये वाटताना, पेशी सुट्या झाल्या की त्यांतल्या कितीतरी मरतात, म्हणून त्यांना तगवणारे रॉक इनहिबिटर नावाचे रसायन घालावे लागते. या पेशी मात्र त्याच्यावाचूनही तगत होत्या. मला वाटले, माझा हात बसला. मी चार जणांना तसे सांगितलेही! कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीचा, अहवाल निर्दोष आला होता. पुढे त्यांच्यापासून मज्जापेशी (न्यूरॉन) तयार करायला घेतल्या, तेव्हा त्या वारंवार अडखळू लागल्या, आणि दोष आम्ही सहा महिने नव्या मीडियममध्ये शोधत बसलो. अखेर विसाव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरील एक छोटा तुकडा वाढलेला सापडला. त्या तुकड्यात पेशीला मरणापासून वाचवणारे एक जनुक असते. त्याची प्रत वाढलेली पेशी प्रत्येक पॅसेजमध्ये अधिक तगते आणि काही आठवड्यांत सारी प्लेट तिच्याच वंशाची होते. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये इतका लहान बदल बहुधा दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते. म्हणजे ज्याला मी माझे कौशल्य समजत होतो, ती निवड पेशींनीच परस्पर करून टाकली होती. सहा महिन्यांची आकडेवारी आम्ही बाजूला ठेवली.

म्हणून वाईट वाढणाऱ्या पेशींइतकाच जोमाने वाढणाऱ्या पेशींवरही संशय घेत जा. जपानमध्ये २०१४ साली रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर प्रथमच एका महिलेच्या डोळ्यात बसवला गेला, परंतु दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळताच तेथील गटाने ते रोपण थांबवले. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा हा दुसरा निर्णय मला अधिक मोठा वाटतो.

पेशींना लागण करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूबद्दल थोडक्यात: तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याचे काही बिघडवत नाही, आणि तो बहुधा दुसऱ्या प्रयोगशाळेतून प्रेमाने दिलेल्या फ्लास्कमधून येतो. देणारा कितीही जवळचा असो, त्या जीवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी होईपर्यंत तो फ्लास्क वेगळ्या इनक्युबेटरमध्येच ठेव.

रुजू झाल्यावर पहिला महिना कोणताही प्रयोग लावू नकोस. पेशी वाढव आणि सुरुवातीच्या पॅसेजच्या निदान वीस कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेव. पुढे पेशी बिघडल्या तर मागे जायला तेवढीच वाट असते. कुप्यांवर पॅसेजचा क्रमांक आणि तारीख लिहिताना अल्कोहोलने न पुसली जाणारी शाई वापर. साध्या मार्करचे अक्षर एका फवाऱ्यात जाते, आणि मग हातात राहते ती कोणाची, कधीची, काहीच न सांगणारी कुपी.

तुझा,
सर