रेल्वे उभारायचे गेम: ओपनटीटीडी, रेलरोड टायकून की रेल्वे एम्पायर?

भावा, साध्या लॅपटॉपवर या तिघांतला कुठला सुरू करावा, असं तू विचारलंयस. सरळ ओपनटीटीडी घे. 1995 च्या ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्सवर बेतलेला आहे, फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही पळतो.

त्यातली खरी मजा सिग्नलची. आपल्या कोल्हापूर-मिरज लाइनवर रुकडीला नाहीतर हातकणंगल्याला समोरच्या गाडीला वाट द्यायला, म्हणजे क्रॉसिंगला, गाडी थांबते ना, तेच इथं तुला स्वतः बांधायचंय. कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत एकच रूळ टाकून दोन गाड्या सोडल्यास, तर त्या समोरासमोर येऊन अडकणारच. मध्ये दोन रुळांचं क्रॉसिंग काढ. तिथून गाडी पुन्हा एकेरी रुळावर निघते त्या टोकाला, दोन्ही बाजूंना, एकदिशा पाथ सिग्नल (पुढची वाट मोकळी असली तरच, आणि एकाच दिशेनं गाडी सोडणारा) लाव. मग एक गाडी थांबून दुसरीला वाट देते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी नुसता बघतच बसलो होतो! भाडं अंतरावर मिळतं, पण उशीर झाला की घटतं.

शेअर बाजाराचा नाद असेल तर रेलरोड टायकून 2 (1998). प्रतिस्पर्ध्याचे शेअर घेत घेत त्याची कंपनीच गिळायची. तिसऱ्या भागात (2003) माल स्वतःहून चढ्या भावाकडं सरकतो. गुळाच्या सौद्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

रेल्वे एम्पायर (2018) दिसायला देखणा, 1830 ते 1930 ची अमेरिका, नेमून दिलेली कामं. पण तो विकत घ्यावा लागतो आणि मशीनही दमदार लागतं.