मोरीतली पोट हलवणारी काळी माशी : ही इव्हानिया, मारू नका

दांडिया बाजारातल्या तुमच्या जुन्या घराच्या मोरीत सारखं पोट वरखाली करणारी काळी माशी दिसते, ती कुंभारीण आहे का आणि डंख मारते का, असं तुम्ही विचारलंय. कुंभारीण नाही, आणि माणसाला हिचा काहीही त्रास नाही. वर्णनावरून ही इव्हानिया प्रजातीतली परजीवी गांधीलमाशी वाटते, बहुधा इव्हानिया अपेंडिगॅस्टर.

खात्री करायची तर तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला आणि बाजूने बघा. रंगाकडे जाऊ नका, पोट कुठे जोडलंय ते बघा. बहुतेक गांधीलमाश्यांचं पोट मागच्या पायांच्या मुळाशी, खालच्या अंगाला जोडलेलं असतं. हिचं पार वरून, जवळजवळ पाठीवरूनच निघतं. आपल्याला जो छातीचा मागचा भाग वाटतो, तो मुळात पोटाचा पहिला खंड; तो छातीशी एकजीव झालेला असतो आणि त्याला प्रोपोडियम म्हणतात. त्याच्या वरच्या बाजूला एक बारीक देठ आणि देठाच्या टोकाला दोन्हीकडून दाबल्यासारखं चपटं, इवलंसं पोट. ते झेंड्यासारखं फडकत राहतं. मादीचं पोट तिकोनी दिसतं, नराचं आणखी लहान. मिशांचे खंड 13. जिवंतपणी डोळ्यांत निळसर झाक असते, ती फार देखणी दिसते.

वर्गीकरणाची किल्लीही हीच. पोट असं उंचावर जोडलेली इव्हानिइडी, गॅस्टरुप्टिइडी आणि ऑलॅसिडी ही तीन कुलं मिळून इव्हानिऑइडिया हे अधिकुल होतं. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये अपेंडिगॅस्टर या जातीला इक्न्यूमॉन या प्रजातीत घातलं होतं. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये इव्हानिया ही वेगळी प्रजाती केली. प्रोसेव्हानिया ही जवळची प्रजातीही झुरळांच्या अंड्यांवरच जगते आणि वरून काढलेल्या फोटोत दोघींतला फरक कळत नाही. म्हणून मी ‘बहुधा’ म्हटलं.

आता झुरळांचं. इव्हानियाची मादी झुरळाच्या अंड्यांच्या डबीला भोक पाडून आत आपलं एक अंडं घालते. अमेरिकन झुरळाच्या एका डबीत साधारण 14 ते 16 अंडी असतात. इव्हानियाची एकच अळी ती सगळी फस्त करते आणि डबीतून एकच माशी बाहेर पडते. माळ्यावर किंवा मोरीच्या कोपऱ्यात जुन्या डब्या सापडल्या तर भिंगाखाली धरा. शिवणीवर उसवलेली डबी म्हणजे झुरळाची पिल्लं निघून गेली. टोकाजवळ ठळक गोल भोक असेल तर इव्हानिया. अगदी बारीक भोक असेल तर ॲप्रोस्टोसेटस हॅगेनोवी ही दुसरीच चिमुकली परजीवी. तिच्या मात्र एका डबीतून कितीतरी निघतात.

फवारा मारलात तर झुरळांआधी हीच मरेल, म्हणून मोरीत तरी तो टाळा. गटाराची जाळी बसवा, फटी बुजवा. फक्त स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी जर्मन झुरळांसाठी हिच्यावर विसंबू नका. त्यांची मादी अंडी फुटायच्या बेतापर्यंत डबी अंगालाच चिकटवून फिरते, त्यामुळे ती हिच्या हाती लागत नाही. तिथे जेलच लावा.

मेलेली सापडली तर बाजूने आणि पोटाकडून असे दोन फोटो टाका, प्रजाती नक्की करायचा प्रयत्न करू.