वहीतली बाकी

पत्र लिहिणारी मुलगी केज तालुक्यातली आहे. आई-वडील ऊसतोड करतात, दिवाळी झाली की टोळीबरोबर कोल्हापूरकडे जातात. बारावीनंतर लातूरला खोली घेऊन तिनं 'नीट', म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, रिपीट केली. आधी ३६२ गुण होते, आता ४०१. तिनं विचारलंय, "मॅडम, अजून एक वर्ष देऊ का? आई-बाबांनी जे सोसलं त्याची परतफेड मी डॉक्टर होऊनच करू शकते. दुसरं काही केलं तर त्यांना तोंड कसं दाखवू?" तिच्या सांगण्यावरून नाव-गाव गाळलं आहे.

बाळ,

तुझं पत्र सात पानांचं. त्यातली साडेसहा पानं आई-बाबांवर आहेत, तुझ्या वाट्याला अर्धं पान आलंय. मी आधी ते अर्धं पान दोनदा वाचलं, मग बाकीचं.

तुझ्या खर्चाच्या वहीची गोष्ट वाचली आणि चष्मा काढून ठेवला. क्लासची फी, खोलीभाडं, मेस, झेरॉक्स, एसटी, सगळं तारीखवार मांडलंयस. एका ठिकाणी 'भेळ – ३० (चूक झाली)' असंही आहे म्हणतेस. शेवटच्या पानावर २,८७,४६० हा आकडा, त्याला लाल पेनानं चौकट. रात्री झोप यायला लागली की तू ते पान उघडतेस. अगं, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीनं भेळ खाल्ली याला चूक म्हणत नाहीत.

उचल म्हणजे काय, हे तुला मी काय सांगणार! पण हे पत्र शहरातले पालकही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. हंगामाआधी मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, एकरकमी पैसे देतो. मग दर टनामागं ते फेडायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी फिटले नाहीत, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं. कुठं जायचं, कधी परतायचं, हे मग बाकी ठरवते.

तू तुझ्या आयुष्याची मांडणी नेमकी अशीच केली आहेस. आई-बाबांचं प्रेम तू उचल म्हणून वहीत जमा धरलंस. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या कुठल्या वाटेला जायचं नाही, हा करारही तूच लिहिलास. बाबांनी त्यावर अंगठा उमटवलेला नाही. ते ज्यातून तुला बाहेर काढायला बघताहेत, तेच तू घरात आणून बांधलंस.

आता खऱ्या कर्जाकडे ये, कारण तेही आहे. तुझ्या रिपीटसाठी बाबांनी जास्तीची उचल घेतली, असं तू लिहिलंस. ती फेडावीच लागेल. तुझ्याच आकड्यांप्रमाणं आणखी एका वर्षाला क्लास, खोली आणि मेस मिळून एक लाख तीस हजार लागतील. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. त्या दरानं भागलं तर ३५५ टन ऊस होतो. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला असं धरलं, तरी एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस. हंगामच मुळी पाचेक महिन्यांचा. म्हणजे अख्खा हंगाम तुझ्या क्लासला, आणि त्यांनी खायचं काय हे वेगळंच.

हा हिशोब वाचून लगेच रडू नकोस. तुला अपराधी वाटावं म्हणून मी तो मांडलेला नाही, ते काम तुझी वही करतेच आहे. पण "आई-बाबांसाठी अजून एक वर्ष देते" या वाक्यात वर्ष नक्की कोण देतंय, हे एकदा बघ. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं आईला आता जमत नाही, हे तूच तिसऱ्या पानावर लिहिलंयस.

आता गुणांकडे. नुसते ३६२ आणि ४०१ बघून काही कळत नाही. पेपर सोपा-अवघड झाला की कटऑफ कुठल्या कुठं जातो. २०२४ मध्ये तो आभाळाला टेकला होता, २०२५ ला भौतिकनं सगळ्यांना रडवलं आणि तो धाडकन खाली आला. म्हणून दोन वर्षांची तुलना गुणांवर करू नकोस, राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर कर. तो तू कळवला नाहीस. विषयवार गुण मात्र दिलेस, ते बरं झालं:

जीवशास्त्र २३६ वरून २६८, रसायन ८८ वरून ९२, भौतिक ३८ वरून ४१.

भौतिक १८० पैकी ४१. एक वर्ष, एवढे पैसे, रोज बारा तास, आणि वाढले तीन गुण. याला मी आळस म्हणणार नाही. अकरावी-बारावीला कॉलेजात नाव आणि अभ्यास घरी, अशा पोरींचं भौतिक पायातच कच्चं राहतं आणि रिपीटरच्या बॅचमध्ये पाया कुणी भरत नाही, तिथं रिव्हिजन पळवतात. त्याच क्लासला, त्याच पद्धतीनं आणखी एक वर्ष घालवलंस तर भौतिक पंचेचाळीसवर जाईल. म्हणून माझं स्पष्ट मत: पूर्ण वर्ष ड्रॉप नको.

"डॉक्टर नाही तर काहीच नाही" असं तू पाच वेळा लिहिलंस. आणि त्या अर्ध्या पानावर एकदाच, जाता जाता, हे लिहिलंस: "आईची गर्भपिशवी तेहतिसाव्या वर्षी काढली. डॉक्टरनं कॅन्सर होईल म्हणून सांगितलं. कोपीतल्या (ऊसतोडीच्या झोपड्यांतल्या) बायांना खरं काय ते कुणी सांगतच नाही."

मला तुझं ध्येय इथं दिसलं, बाकी साडेसहा पानांत नाही. बीड जिल्ह्यातल्या या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात जवळपास १४ हजार जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा पडला की दंड, धुवायला पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं तर तिथं भीती घालून ऑपरेशन. ही साखळी तुला पुस्तकात वाचावी लागली नाही. त्या बायांना "थांब, आधी तपासणी करू" असं सांगणारं माणूस एमबीबीएसच असायला हवं का?

गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना सीएचओ म्हणतात. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेले आणि बीएस्सी नर्सिंग झालेले या पदावर घेतात. पद कंत्राटी आहे, पगाराला कधी उशीर होतो, हे आत्ताच सांगून ठेवते. पण तुझ्या गावातली बाई पहिल्यांदा जिच्यासमोर बसते ती हीच.

म्हणून या वर्षी आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) कॅप फेऱ्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, सोडू नकोस. बीएएमएसला कुठवर पोचतेस ते क्रमांक आणि प्रवर्गावरून ठरेल, पण पर्याय भरताना आळस नको आणि लाज तर अजिबात नको. संस्थात्मक कोट्याच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांच्या, नादी लागू नकोस, तिथं फीचे आकडे बघून बाबा पुन्हा मुकादमाकडं जातील. नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म तू भरला नाहीस, "नर्स व्हायला मी लातूरला आले नव्हते" म्हणतेस. या वाक्याचा मला राग आला, खरं सांगते. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, नीट दिली म्हणून ती चुकवता येत नाही. यंदा ती संधी गेली. बीएएमएस नाही मिळालं तर अंबाजोगाईला किंवा केजला बीएस्सीला नाव घाल, पुढची नर्सिंग सीईटी दे, आणि भौतिक अकरावीच्या पहिल्या धड्यापासून करून नीट हवी तर त्यासोबत दे. घरचा पैसा न ओतता होण्यासारखं आहे हे.

पैशांचं आणखी थोडं. जुलै २०२४ पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची फी सरकार भरतं. इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत, तुझी कुठली ते महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर बघ. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, चौकशी कर. बाबांकडे ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र नसेल तर ग्रामसेवकाला गाठून आधी ते काढून घ्या. दसऱ्याच्या आत हे सगळं व्हायला हवं. एकदा टोळी निघाली की सहीला कुणी सापडणार नाही.

परतफेडीची मलाही एकेकाळी फार घाई होती. पहिल्या पगारातून मी आईला मिक्सर आणला. तीन वर्षं तिनं त्याचं प्लॅस्टिक काढलं नाही, वाटण पाट्यावरच. आलेल्या-गेलेल्याला मात्र फडताळ उघडून दाखवायची.

येत्या रविवारी घरी जा. जेवणं झाली की ती वही बाबांच्या हातात दे. त्यांना वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव, भेळेसकट. मग विचार, यातलं मी किती आणि कधी द्यायचं? मुकादमाची जी खरी बाकी आहे तेवढीच वेगळ्या पानावर लिहून काढा, आणि हंगामाला आईनं जावं की नाही हेही त्याच बैठकीत बोला. तू कॉलेजबरोबर शिकवण्या घेतल्यास तर त्यातले महिन्याला किती देता येतील, ते तिथंच ठरवा.

बाबा काय म्हणाले ते मला कळव. सोबत राज्य यादीतला क्रमांक पाठव, आणि भौतिकचे ते ४१ गुण कुठल्या धड्यांतून आले तेही.

तुझी,
मॅडम