फायबर तुटली, पण सांगायचं कुणाला?

प्रश्न : काका, एसडीएचच्या (फायबरवरून फोन-डेटा नेण्याची पद्धत) धड्यात के-१ आणि के-२ हे दोन बाइट 'ऑटोमॅटिक प्रोटेक्शन स्विचिंगसाठी' एवढंच दिलंय. फायबर तुटली की सिग्नल गेल्याचं घेणाऱ्या टोकाला दिसतंच. मग त्यानं गुमान दुसऱ्या फायबरवर जावं. दोन्ही टोकांनी आपसांत बोलायचं कशाला?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : अर्धं तुझंच बरोबर आहे, बाळा. साध्या वन प्लस वनमध्ये, म्हणजे कामाची आणि राखीव फायबर सतत सोबत चालवतात तिथं, पाठवणारं टोक दोन्ही फायबरवर कायम तोच माल टाकत असतं. घेणाऱ्यानं त्यातला चांगला उचलायचा, समोरच्याला विचारायची गरज नाही.

वन इज टू वनची गोष्ट वेगळी. तिथं राखीव फायबर एरवी रिकामी, नाहीतर तिच्यावर कमी महत्त्वाचा ट्रॅफिक. समज, कामाची फायबर वसमतवरून आणि राखीव गंगाखेड-लोह्यावरून. वसमतजवळ जेसीबीचा दात लागला आणि परभणीहून नांदेडला जाणारी तेवढीच फायबर तुटली. नांदेडला अंधार, पण परभणीला येणारा सिग्नल ठणठणीत. आता नांदेड एकटंच राखीव फायबरवर गेलं, तरी तिथं परभणीचा माल आहेच कुठं?

म्हणून नांदेड राखीव फायबरवरूनच के-१ धाडतं. पहिले चार बिट ११००, म्हणजे सिग्नल फेल. पुढचे चार म्हणजे चॅनलचा नंबर, म्हणजे कुठल्या कामाच्या फायबरचा माल हवाय ते. परभणी तो चॅनल राखीव फायबरवर ब्रिज करतं, म्हणजे त्याचा माल तिच्यावरही टाकतं, आणि के-२ मध्ये तोच नंबर लिहितं. सोबत आपल्या के-१ मध्ये ००१०, रिव्हर्स रिक्वेस्ट : 'तुझा निरोप पोचला, तूही तिकडून ब्रिज कर.' नंबर जुळला की नांदेड स्विच होतं, मग परभणी. दर १२५ मायक्रोसेकंदांनी नवी फ्रेम, म्हणजे हे बाइट घेऊन येणारा मालाचा नवा गठ्ठा, येते. पण एका बिघडलेल्या बिटवर धावपळ नको, म्हणून लागोपाठ ३ फ्रेममध्ये तेच आलं तरच खरं धरायचं. एवढं होऊनही बिघाड दिसल्यापासून ५० मिलिसेकंदांत स्विच व्हायला हवं. बोलणाऱ्याला फार तर 'टक्' ऐकू येतं.

के-१ चे हे पहिले चार बिट नीट पाठ कर, कारण त्यांत मानपान आहे. सगळ्यात वर ११११, लॉकआउट : राखीव फायबरला कुणी हात लावायचा नाही. त्यापुढं सिग्नल फेलचंही चालत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं ते नोकरीत. एका रात्री गंगाखेडच्या बाजूला जॉइंट करायचा होता म्हणून मी लॉकआउट लावला. पहाटे काम संपलं, चहा प्यायलो, घरी जाऊन झोपलो. लॉकआउट तसाच! सकाळी वसमतकडं केबल तुटली. राखीव फायबर धडधाकट, नांदेडला सिग्नल फेल दिसतंय, आणि सगळं बंद. स्टेशनवरच्या पोरानं मला उठवलं तेव्हा दाराशी साहेबांची जीप उभी होती.

पुढं रिटायर होईपर्यंत लॉकआउट लावला की मनगटावर पेनानं चार एक लिहायचो. स्क्रीनवरचा काढला, की मगच मनगटावरचे पुसायचे.