ब्लॉकिंग पेप्टाइडने बँड गेला, म्हणजे अँटिबॉडी बरोबर आहे असं धरायचं का?

तुम्ही विचारलंय की एनएचई१ (पेशीच्या पडद्यात बसणारं एक प्रोटीन) च्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने शोधायच्या चाचणीत, अँटिबॉडीत ब्लॉकिंग पेप्टाइड मिसळलं की बँड (प्रोटीनची दिसणारी पट्टी) गायब होतोय, मग अँटिबॉडी स्पेसिफिक आहे असं लिहायला हरकत नाही ना. हरकत आहे. मीही एकदा हीच उडी मारली होती.

ते पेप्टाइड म्हणजे बहुतेक वेळा अँटिबॉडी ज्याच्यावर बनवली तोच १०-२० अमिनो आम्लांचा तुकडा. तो आधीच अँटिबॉडीत घालून ठेवला की तिचे दोन्ही हात तिथेच अडकतात आणि ब्लॉटवर पकडायला काही उरत नाही. पण दुसऱ्याच एखाद्या प्रोटीनवर तसाच दिसणारा तुकडा असला तर त्याला धरणारे हातही तेच ना, मग तोही बँड तितक्याच इमानदारीत जाणार! म्हणजे अँटिबॉडी कशाने धरतेय ते कळलं, कोणाला धरतेय ते नाही. उलट भरपूर पेप्टाइड घालूनही जो बँड हलत नाही, तो मात्र सेकंडरीचा (पहिल्या अँटिबॉडीला धरून तिची जागा दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) नाहीतर सीरममधल्या भलत्याच अँटिबॉडीचा, तो सोडून द्या.

माझा बँड ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास यायचा, पेप्टाइडने साफ जायचा, मी खूश. मग कोणीतरी विचारलं, अरे ८१५ अमिनो आम्लांचं प्रोटीन, वर साखर चिकटलेली, ते ५० ला कसं येईल? तेव्हा ट्यूब पेटली. मी सॅम्पल ९५ डिग्रीला उकळत होतो, आणि अशी पडद्यात बसणारी प्रोटीन्स उकळली की त्यांचा गोळा होतो आणि तो जेलच्या वेलमध्येच (सॅम्पल घालायच्या खाचेत) अडकून बसतो. ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवून चालवलं तर ११० च्या जवळ जाड, पसरट बँड आला. शेजारी पीएस१२० पेशी लावल्या, ज्यांच्यात एनएचई१ नसतंच, तिथे ११० चा नव्हता आणि ५० चा मात्र ठणठणीत होता, म्हणजे ५० चा एनएचई१ चा नव्हताच. पेप्टाइडने दोन्ही जात होते बरं का.

प्रमाणाचं म्हणाल तर वजनाने पाचपट पेप्टाइड पुरतं. अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, पेप्टाइड जेमतेम २ चं, त्यामुळे वजन सारखं घेतलं तरी एका अँटिबॉडीमागे ७५ पेप्टाइड होतात. खरी चूक कंट्रोलमध्ये होते, पेप्टाइडवाली ट्यूब रात्रभर ४ डिग्रीला आणि बिनपेप्टाइडची फ्रीजमधून काढून थेट ब्लॉटवर, असं करू नका, दोन्ही तेवढाच वेळ, त्याच डायल्यूशनला ठेवा आणि तिसऱ्या ट्यूबमध्ये तीच अमिनो आम्लं उलटसुलट क्रमाने लावलेलं पेप्टाइड घाला.

नॉकआउट पेशी (ज्यांच्यातून त्या प्रोटीनचं जीनच निकामी केलंय) मिळत नसतील तर एसआय-आरएनएने (ते जीन गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा) प्रोटीन कमी करून बघा, नाहीतर प्रोटीनच्या दुसऱ्याच भागावर बनवलेली अँटिबॉडी लावा. तुमचा बँड किती किलोडाल्टनला येतोय ते लिहिलं नाहीत, ८० च्या खाली असेल तर पेप्टाइड राहू दे बाजूला, आधी उकळणं बंद करा.