रेडिएशन देताना किंवा सीटी काढताना तंत्रज्ञ पेशंटला आत एकटं सोडून बाहेर का पळतात?

‘पळतात’ या एका शब्दासाठी हे उत्तर लिहितोय. 19 वर्षं रेडिओथेरपीत (कॅन्सरवरच्या रेडिएशन उपचारात) तंत्रज्ञ आहे आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी नातेवाईक हा टोमणा मारतोच, “एवढं सेफ आहे तर तुम्ही का नाही थांबत आत?”

ते आधी उरकतो. पेशंटला किरणं मिळतात ती त्याच्या फायद्यासाठी, मोजून, ठरलेल्या दिवसांपुरती. छातीच्या एका सीटीत साधारण 7 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). नुसतं पृथ्वीवर राहिल्याबद्दल निसर्गाकडून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. मी दिवसाला 40 पेशंट करतो. प्रत्येकाबरोबर आत थांबलो तर सगळ्यांच्या अंगावरून विखुरलेली किरणं मी वर्षानुवर्षं खाणार, आणि माझा फायदा शून्य. म्हणून आमच्यासाठी मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. पेशंटला अशी मर्यादाच नसते, त्याला किती द्यायचं ते त्याच्या आजारावरून ठरतं. झालं उत्तर.

आता ‘एकटं’बद्दल. बाहेर आमच्यासमोर कॅमेऱ्याचे स्क्रीन असतात, बोलायला माइक असतो, आणि दार उघडलं की बीम (किरणांचा झोत) आपोआप बंद पडतो. पेशंटने हात जरी वर केला तरी आम्ही थांबवतो. हे फाजील लाड नाहीत. थेरॅक-25 नावाच्या मशीनने 1985 ते 1987 मध्ये अमेरिका आणि कॅनडात सहा जणांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट डोस दिला. त्यातला टेक्ससमधला 1986 चा प्रसंग आम्हाला शिकताना सांगतात. पेशंट आत वेदनेने उठायला बघतोय आणि बाहेर ऑपरेटरला पत्ताच नाही. कारण त्या दिवशी कॅमेऱ्याचा प्लग काढलेला होता आणि इंटरकॉम बंद होता. मशीनने एरर दाखवला, पण ते मशीन दिवसातून इतक्या वेळा एरर दाखवायचं की ‘पुढे चालू’चं बटण दाबायची हाताला सवय झालेली. दाबलं. दुसरा झटका बसला. मग तो माणूस दारावर धडका मारू लागला. काही महिन्यांनी गेला.

तर बाहेर जाणं हा धोका नाही. धोका असतो तो बाहेर जाण्याआधीच्या दोन मिनिटांत. आणि इथे मला माझं एक जुनं दुखणं काढायचंय.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एकाच नावाच्या दोन आज्या, दोघींना ओटीपोटावर रेडिएशन, दोघी पाठोपाठ. माझ्या सीनियरने (त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो) दारातून नुसतं पहिलं नाव पुकारलं. एक आजी उठल्या. ऐकायला कमी, त्यात तासभर ताटकळलेल्या. “तुम्हीच ना?” म्हटलं तर त्यांनी मान हलवली. माणूस थकलेला असला की कशालाही मान हलवतो, हे लक्षात ठेवा.

टेबलावर घेतलं. किरणं रोज त्याच जागी पडावीत म्हणून अंगावर तिळाएवढे तीन टॅटू असतात, त्यांच्यावर लेझरच्या रेषा जुळवायच्या. मधला जुळला, बाजूचे दोन मात्र दोन बोटं खाली. साहेब म्हणाले, “वजन उतरलंय, कातडी सरकते. शिफ्ट दे.” सरकते खरी, त्यामुळे मीही टेबल हलवायला लागलो होतो. जाता जाता सहज विचारलं, “आजी, पाणी पिऊन लघवी धरून ठेवलीय ना?” आजी म्हणाल्या, “छे रे, आत्ताच जाऊन आले. मला रिकामं करूनच यायला सांगितलंय.”

कन्सोलवर उघडलेल्या प्लॅनमध्ये मूत्राशय भरलेलं हवं होतं.

मग मी करायला हवं होतं ते केलं. “आजी, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मसाल सांगा.” आडनाव वेगळं. जन्मसालात 11 वर्षांचा फरक. फाइलला फोटो होता. आम्हा दोघांपैकी कुणीही तो बघितला नव्हता.

डोस गेला नाही. आजींना काही झालं नाही. त्यांना डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. पण मी घटनेचा फॉर्म भरायला घेतला आणि साहेब भडकले. “काही झालंच नाही तर लिहायचं काय? खात्याची अब्रू काढतोस?” वर हेही की, इमेज (किरणं देण्याआधी जागा तपासायचा एक्स-रे) काढली असती तर हाडं जुळली नसती, तिथे कळलंच असतं. अहो, पण प्लॅन उघडला होता त्या आजींचं इमेजिंग तेव्हा आठवड्यातून एकदाच व्हायचं, आणि तो दिवस इमेजिंगचा नव्हता! मी फॉर्म भरला. पुढे वर्षभर साहेब माझ्याशी कामापुरतं बोलले. फॉर्ममुळे एवढंच झालं की पहिल्या नावाने पुकारणं बंद झालं आणि ‘तुम्हीच ना?’ऐवजी ‘नाव सांगा’ आलं. थेरॅकच्या वेळीही निर्माते आधी साहेबांसारखंच म्हणत होते, मशीनकडून असं होणंच शक्य नाही.

त्यामुळे तुम्हाला काही विचारायचंच असेल तर “आत का थांबत नाही” हे विचारू नका. रोज नाव विचारलं म्हणून चिडू नका. नाव न विचारता टेबलावर घेतलं तर मात्र चिडा. रोज होतं त्यापेक्षा काही वेगळं वाटलं (जास्त वेळ, दुसरी बाजू, पाणी न विचारणं), तर झोपूनच बोला. खुणा पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नका, आम्हाला सांगा. गरोदर असण्याची शंका असेल तर कुणी विचारायची वाट न पाहता आधी सांगा.

राहिलेलं म्हणजे, एमआरआयला हे लागू नाही. तिथे किरणंच नसतात, पण चुंबक कायम चालू असतं, रात्री कुणी नसतानाही, त्यामुळे तिथे उलट आत येणाऱ्यांनाच अडवतात. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने किंवा सीटीने पेशंट किरणोत्सारी होत नाही, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर मात्र काही दिवस लांब राहायचं, त्याचे नियम डॉक्टर लिहून देतात. आणि मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तुमचा डोस बरोबर की जास्त हे मला कमेंटमध्ये विचारू नका.

साहेब हे वाचत असतील तर एक सांगायचंय. त्या फॉर्मवर तुमचं नाव मी लिहिलं नव्हतं. ‘सेटअप करणारे: दोघे’ एवढंच होतं.